माहेर प्रतिस्पर्ध्याच्या गावात

‘गुरूची विद्या गुरूला फळली’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती बहुधा थोड्या कुचेष्टेनेच वापरली जाते. शिकवणाऱ्यावरच डाव उलटला, असा तिचा सूर असतो. आज मी ज्या गुरुशिष्यांची गोष्ट सांगणार आहे, तिच्यात ही म्हण शब्दशः खरी ठरली; कुचेष्टेला मात्र जागा उरली नाही. ही गोष्ट अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची आहे.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लंबगोल असतो. तो मुख्यतः हातात धरून पळायचे किंवा हाताने फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. विद्यापीठांचे संघ हा खेळ खेळतात आणि त्यासाठी अख्खे राज्य वेडे होते. मिशिगन विद्यापीठाचे ॲन आर्बरचे स्टेडियम आणि ओहायो स्टेट विद्यापीठाचे कोलंबसचे स्टेडियम, या दोन्हींत प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे बसतात. खेळाडू काही वर्षांनी शिक्षण संपवून निघून जातात. प्रशिक्षक मात्र वर्षानुवर्षे राहतो. त्यामुळे विद्यापीठाचे नाव आणि वैर, दोन्ही त्याच्या खांद्यावर येते.

ओहायो आणि मिशिगन ही शेजारची राज्ये. टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून 1835 मध्ये त्यांचे भांडण इतके पेटले होते, की दोन्हीकडचे सशस्त्र लोक समोरासमोर आले होते. पुढे टोलेडो ओहायोकडे गेले. 1897 पासून दोन्ही विद्यापीठे फुटबॉलच्या मैदानावर भिडू लागली आणि सीमेवरचे भांडण मैदानावर आले. नोव्हेंबरच्या अखेरीस होणाऱ्या या एका सामन्यावर वर्षभराचे यशापयश तोलले जाते.

वूडी हेज हे 1951 मध्ये ओहायो स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि 1978 पर्यंत त्या जागेवर राहिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात नोकरी केली होती. इतिहासाचे वाचन दांडगे, शिस्त कडक, राग नाकाच्या शेंड्यावर. मिशिगनचे नावसुद्धा ते तोंडातून काढत नसत. ‘उत्तरेकडचा तो संघ’ एवढेच म्हणत. त्यांचा खेळ साधा आणि दणकट होता. चेंडू फेकण्यात धोका फार, तेव्हा चेंडू हातात घ्या आणि समोरची फळी रेटत चार-चार पावले पुढे सरका, हे त्यांचे सूत्र.

कोलंबसला येण्यापूर्वी हेज ओहायोतल्याच मायामी विद्यापीठात प्रशिक्षक होते. तिथे त्यांच्या हाताखाली बो शेंबेकलर नावाचा एक मुलगा खेळत असे. जन्म 1929 चा, ओहायोतल्याच बार्बर्टनचा. हेज कोलंबसला गेले, तेव्हा हा शिष्यही मागोमाग तिथे गेला. शिकता शिकता त्याने गुरूला मदत केली आणि 1952 मध्ये ओहायो स्टेटचीच पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे 1958 ते 1962 अशी पाच वर्षे शेंबेकलर हेज यांचे सहायक होते. दोघेही तापट, दोघेही हट्टी. तरीही शेंबेकलर यांनी जे शिकायचे ते याच माणसाकडून शिकले. नंतर ते मायामीत मुख्य प्रशिक्षक झाले.

आता 1968 चा नोव्हेंबर. ओहायो स्टेटने मिशिगनला 50–14 असे धुऊन काढले. या खेळात टचडाउन झाल्यावर चेंडू लाथेने खांबांमधून मारून एक जादा गुण घेता येतो किंवा जास्त जोखीम पत्करून दोन गुणांचा प्रयत्न करता येतो. आघाडी छत्तीस गुणांची असतानाही हेज यांच्या संघाने दोन गुणांचाच प्रयत्न केला. तो फसला, पण मिशिगनच्या मनात ती सल राहिली. पडलेल्याला लाथ मारावी, तसे झाले.

त्यानंतर मिशिगनला नवा प्रशिक्षक हवा होता आणि त्यांनी निवडले शेंबेकलर यांना. ज्याचे माहेर प्रतिस्पर्ध्याच्या गावात, त्यालाच घरात आणले! शेंबेकलर यांनी आल्या आल्या खेळाडूंना एक गोष्ट विसरू दिली नाही. ओहायोच्या सामन्याआधीच्या सरावात समोर उभ्या राहणाऱ्या पोरांच्या अंगावर त्यांनी 50 हा आकडा चढवला.

22 नोव्हेंबर 1969 रोजी हेज ॲन आर्बरला आले, ते सलग 22 विजय पाठीशी घेऊन. त्यांचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. मध्यंतरालाच मिशिगन 24–12 असे पुढे गेले आणि तोच आकडा शेवटपर्यंत टिकला. कसे घडले हे? शिष्याला गुरूची सवय ठाऊक होती. हा संघ रेटून पुढे येतो, तो पिछाडीवर पडला, की त्याला नाइलाजाने चेंडू फेकावा लागणार. तसेच झाले. ओहायोने फेकलेले सहा चेंडू मिशिगनने मधल्या मध्ये पकडले. गुरूने शिकवलेल्या खेळाची ताकदही शिष्याला माहीत होती आणि दुखरी जागाही.

त्या विजयाने मिशिगनला 1 जानेवारी 1970 च्या रोझ बोल या मानाच्या सामन्यात नेले. पण ऐन वेळी शेंबेकलर यांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा ते अवघे चाळीस वर्षांचे होते. त्यांच्याविना संघ खेळला आणि हरला. त्या एका विजयासाठी त्यांनी किती जीव ओतला असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

त्यानंतरचा काळ अमेरिकेत ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणून ओळखला जातो. 1969 ते 1978 या दहा सामन्यांत मिशिगन पाच जिंकले, ओहायो चार, आणि 1973 चा सामना 10–10 असा बरोबरीत सुटला. निकाल तरी पाहा: 10–7, 14–11, 12–10. दोन्ही बाजूंना एकाच शाळेतली माणसे. तोच दणकट खेळ, तीच चिवट बचावफळी. आरशातल्या प्रतिमेशी कुस्ती खेळावी, तसे ते दहा सामने झाले. 1978 चा सामना हेज यांचा मिशिगनविरुद्धचा शेवटचा. तोही ते 14–3 असा हरले. महिनाभराने, 29 डिसेंबरला, दुसऱ्या एका सामन्यात त्यांनी रागाच्या भरात समोरच्या संघातल्या खेळाडूवर हात उगारला. दुसऱ्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीचा असा शेवट झाला. गुरूचे सगळेच घ्यायचे नसते, हा धडाही त्यात आहे. शेंबेकलर मात्र गुरूला अंतरले नाहीत. 1987 मध्ये हेज वारले, तोवर दोघांची मैत्री टिकून होती.

या गोष्टीला शेपूटही आहे. शेंबेकलर 1989 च्या हंगामानंतर पायउतार झाले, तेव्हा त्यांच्या जागी आले गॅरी मोलर. हे मोलर कोण? 1962 मध्ये हेज यांच्या ओहायो स्टेट संघाचे कर्णधार! म्हणजे मिशिगनने पुन्हा एकदा त्याच घरचा माणूस आणला. मोलर यांनी पाच वर्षांत ओहायोविरुद्ध एकच सामना गमावला.

हा प्रकार केवळ उत्तरेतच घडला असे नाही. दक्षिणेत जॉर्जिया आणि ऑबर्न या विद्यापीठांचे वैर 1892 पासूनचे. विन्स डूली ऑबर्नमध्ये शिकले, तिथले क्वार्टरबॅक होते. ते 1964 ते 1988 असे पंचवीस हंगाम जॉर्जियाचे प्रशिक्षक राहिले. 1980 मध्ये त्यांनी जॉर्जियाला राष्ट्रीय विजेते केले, तेव्हा ऑबर्नने त्यांना परत बोलावले. डूली गेले नाहीत. मग ऑबर्नने पॅट डाय यांना आणले आणि ते होते जॉर्जियाचे नावाजलेले माजी खेळाडू! म्हणजे ऑबर्नचा मुलगा जॉर्जियात आणि जॉर्जियाचा ऑबर्नमध्ये. आज ऑबर्नच्या मैदानाला डाय यांचे नाव आहे आणि जॉर्जियाच्या मैदानाला डूली यांचे.

श्रोतेहो, निष्ठा म्हणजे काय, हा प्रश्न या माणसांमुळे मला पडतो. आपण सहज म्हणतो, ‘ज्या घरचे मीठ खाल्ले त्याच्यावर उलटू नये.’ पण शेंबेकलर यांनी हेज यांच्याशी खेळताना हात आखडता घेतला असता, तर ती निष्ठा ठरली असती का? मला वाटते, तो गुरूचा अपमान ठरला असता. जीव तोडून खेळा, हेच तर हेज यांनी शिकवले होते. विराटाच्या युद्धात अर्जुनाने आधी द्रोणाचार्यांच्या पायाशी बाण सोडून वंदन केले आणि मग पूर्ण ताकदीने युद्ध केले. वंदन आणि युद्ध, दोन्ही खरे होते. गावाचे ऋण, गुरूचे ऋण आणि कामाचे ऋण ही वेगवेगळी असतात. ती एकमेकांत गुंतली, की माणूस एक तर कृतघ्न होतो, नाहीतर मिंधा. या प्रशिक्षकांनी ती वेगळी ठेवली, असे मला वाटते.

17 नोव्हेंबर 2006 रोजी शेंबेकलर यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी कोलंबसमध्ये ओहायो आणि मिशिगन समोरासमोर येणार होते. ओहायो देशात पहिल्या क्रमांकावर, मिशिगन दुसऱ्या. सामन्याआधी कोलंबसच्या त्या भरलेल्या स्टेडियममध्ये शेंबेकलर यांना आदरांजली वाहण्यात आली. हेज यांनी अठ्ठावीस वर्षे गाजवलेले ते मैदान. ज्या माणसाने या गावाला इतक्यांदा हरवले, त्याच्यासाठी ते गाव क्षणभर उभे राहिले. मग खेळ सुरू झाला. ओहायो 42–39 असे जिंकले.