जलविहाराचे नियम आणि काठावरची माणसे

(भंडारा येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावांनी येथील धानशेती पिढ्यान्‌पिढ्या जगविली. वैनगंगेने गावे वसविली आणि ढिवर समाजाला पोटापाण्याचा आधार दिला. आजवर आपण पाण्याकडे तीन दृष्टींनी पाहत आलो : सिंचन, मासेमारी आणि नदी ओलांडण्याची वाट. आता त्यात चौथ्या उपयोगाची भर पडत आहे. तो म्हणजे जलविहार.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे इंदिरासागर प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर क्षेत्राला पाणी देणे हा त्या धरणाचा मूळ हेतू होय. परंतु धरणाबरोबरच दूरवर पसरलेला एक विस्तीर्ण जलाशयही निर्माण झाला. या जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला आहे. वैनगंगा आणि कन्हान यांच्या संगमावरील आंभोऱ्यास पूल आणि त्यावरील प्रेक्षागार झाल्यापासून प्रवाशांची गर्दी वाढली आहे. येत्या काळात जेथे डोंगा चालत होता तेथे मोटारबोट चालेल. अशा वेळी नियम कोण करणार, ते कोणासाठी असणार आणि ते करताना कोणाचे म्हणणे ऐकले जाणार, हे तीन प्रश्न आपल्यापुढे उभे राहतात. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

अधिकार कोणाचा?

नदीवरील नावेचे नियमन ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. भंडारा मध्य प्रांतात असताना येथील नावघाटांना १८७८ चा नॉर्दर्न इंडिया फेरीज ॲक्ट लागू होता. घाटाच्या उत्पन्नाचा लिलाव व्हावा आणि उतराईचे दरपत्रक लोकांच्या भाषेत घाटावर लावले जावे, अशी तरतूद त्यात होती. सरकारला महसूल हवा होता हे खरे; तरी ठेकेदाराने गरजू प्रवाशाची लूट करू नये, ही जाणीवही त्यात होती.

पुढे राज्यघटनेने यंत्रचलित नौकांची अंतर्देशीय वाहतूक समवर्ती सूचीत घातली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली. तिच्यात पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय आहेत. त्यांत पाचवा विषय मत्स्यव्यवसायाचा आहे आणि तेराव्या विषयात रस्ते व पूल यांच्याबरोबर नावा आणि जलमार्ग यांचाही उल्लेख आहे. आपल्यापैकी अनेकांचे लक्ष या ओळीतील रस्त्यांकडे गेले. नावांकडे फारसे गेले नाही.

१९१७ चा जुना अंतर्देशीय नौका कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आणि तो जून २०२२ पासून अमलात आला. यंत्रचलित नौकेची तपासणी, नोंदणी, चालकाची पात्रता, विमा आणि अपघाताची चौकशी यांची एकसूत्री व्यवस्था त्याने केली. आपल्या दृष्टीने त्यातील विशेष भाग वेगळा आहे. वल्ह्याने वा बांबूने चालणाऱ्या, म्हणजे यंत्र नसलेल्या नौकांची नोंद व देखरेख जिल्हा, तालुका वा ग्रामपातळीवरील स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा मार्ग या कायद्याने खुला केला. आपला डोंगा प्रथमच कायद्याच्या दृष्टिपथात आला आणि त्याच्याकडे पाहण्याचे काम गावाकडे येऊ शकते.

नियम कशासाठी?

नियम म्हटला की आपल्या मनात परवाना, शुल्क आणि खेटे यांचे चित्र उभे राहते. म्हणून नियम नसल्यास, किंवा तो केवळ कागदावर असल्यास काय घडते, ते पाहू.

केरळमध्ये थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी राज्याच्या पर्यटन महामंडळाची नौका उलटून ४५ प्रवासी बुडाले. याच राज्यात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी, मूळच्या मासेमारी नावेत फेरफार करून केलेली सहलीची नौका उलटली आणि २२ जणांचे प्राण गेले. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीतील १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्यू पावल्या. त्यानंतर पाचच दिवसांनी, २३ जानेवारीस, आपल्याच वैनगंगेत गडचिरोली जिल्ह्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीच्या कामास निघालेल्या मजूर स्त्रियांचा डोंगा उलटला. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या वाटेवर वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण दगावले.

या घटनांत नौकेचा मालक कोठे शासकीय महामंडळ होता, कोठे खाजगी ठेकेदार, तर कोठे गावचा नावाडी. प्रवाशांत सहलीची मुले होती तशाच रोजगारासाठी निघालेल्या बायाही होत्या. पाण्याने असा भेद केला नाही. थेक्कडीच्या दुर्घटनेतून आणखी एक बोध घेण्यासारखा आहे : नौका चालविणारा आणि तिची तपासणी करणारा हे एकाच छत्राखाली असू नयेत. मग ते छत्र शासनाचे असले तरीही.

नियमाचा भार कोणावर?

नियम आवश्यक आहेत, हे एकदा मान्य केले की त्यांचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे पाहणे प्राप्त होते. तपासणी, विमा, प्रशिक्षित चालक, जीवरक्षक जाकिटे, विझवणी यंत्र यांचा खर्च शंभर आसनांच्या नौकेला शंभर तिकिटांवर वाटता येतो. चार माणसे बसतील अशा नावेच्या मालकास तो आपल्या मजुरीतून द्यावा लागतो. दोघांना एकच अर्ज, एकच शुल्क आणि दूरच्या शहरातील एकच कार्यालय ठेवले, तर कायद्याच्या दृष्टीने समानता साधेल. परंतु व्यवहारात छोटा नावाडी एक तर धंदा सोडील, नाही तर चोरून चालवील. चोरून चालणारी नाव सर्वांत धोक्याची असते, कारण ती सायंकाळनंतर निघते आणि तपासनीस दिसताच घाईने वळते.

करांच्या बाबतीतही हेच दिसते. वस्तू व सेवा करात प्रवाशांना फेरी मारून आणणाऱ्या बोटीवर आणि मासेमारीच्या नावेवर ५ टक्के कर आहे. हौसेच्या यॉटसारख्या नौकांवर पूर्वी २८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे नौका कोणत्या सदरात मोडते यावर तिची किंमत ठरते. या व्याख्या जेथे लिहिल्या जातात तेथे पोहोचण्याची धडपड प्रत्येक व्यवसाय करतो, आणि येथूनच दबावगटांचा प्रश्न सुरू होतो.

दबावगट : दोष आणि उपयोग

दबावगट हा शब्द आपल्याकडे काहीशा कमीपणाने वापरला जातो. बंद दाराआड आपले साधून घेणारे लोक, असा त्याचा अर्थ लावला जातो. तसे घडतही असते. परंतु शासनाकडे आपले म्हणणे मांडणे हा लोकशाहीत प्रत्येकाचा अधिकार आहे. प्रश्न एवढाच की ते कोण मांडू शकतो आणि ते उघडपणे मांडले जाते की नाही.

इंग्लंडचे उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात तेथील काही मालक विम्याच्या भरवशावर जुनी जहाजे वाजवीपेक्षा अधिक माल भरून समुद्रात पाठवीत. सॅम्युएल प्लिम्सॉल या पार्लमेंटच्या सभासदाने खलाशांच्या बाजूने चळवळ केली आणि १८७६ मध्ये जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगविण्याचा कायदा झाला. ही रेषा पाण्याखाली गेली की भार अधिक झाला, हे कोणाही माणसास काठावरून दिसावे, एवढी ती साधी योजना होती. परंतु जहाजमालकांचा विरोध मोठा होता. रेषा कोठे काढावी हे कायद्याने प्रारंभी मालकाच्याच मर्जीवर सोडले. ती जागा कायद्याने ठरण्यास १८९० साल उजाडावे लागले. चांगला नियम एका गटाच्या प्रयत्नाने जन्मतो आणि दुसऱ्या गटाच्या प्रयत्नाने पोकळ होतो, हे या चौदा वर्षांत स्पष्ट दिसते.

उलट बाजूही आहे. अमेरिकेने १९९१ पासून एक लाख डॉलरहून महागड्या नौकांच्या वाढीव किमतीवर दहा टक्के चैन-कर बसविला. हेतू श्रीमंतांकडून महसूल मिळविण्याचा होता. श्रीमंतांनी नव्या नौका घेणे लांबणीवर टाकले आणि आधीच मंदीने गांजलेल्या नौकाबांधणीच्या कारखान्यांतील कामगारांना त्याची झळ लागली. व्यवसायाच्या संघटनांनी आणि कामगारांनी गाऱ्हाणे मांडले. १९९३ मध्ये तो कर रद्द झाला. तेथे दबावगटाने शासनास एक खरी गोष्ट दाखवून दिली होती.

यावरून एवढेच घ्यावयाचे की दबावगट चांगला वा वाईट हे त्याच्या नावावरून ठरत नाही. तो कोणाचे प्राण व कोणाची भाकर यांविषयी बोलतो आणि उघड्यावर बोलतो काय, यावरून ते ठरते.

गोसीखुर्दच्या काठावर

आता आपल्या जलाशयाभोवती कोण उभे आहेत ते पाहू. पाटबंधारे खात्याचे लक्ष पाण्याच्या पातळीकडे आणि दरवाजांकडे असते. वनखात्यास उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यातील वन्यजीवांची काळजी आहे. पर्यटन व्यवसायास गुंतवणुकीचा परतावा हवा. मच्छीमार सहकारी संस्थांना जाळी टाकण्याची जागा हवी. ज्यांची घरे व शेते पाण्याखाली गेली त्या प्रकल्पग्रस्तांना वाटते की या पाण्यातून मिळणाऱ्या रोजगारावर पहिला हक्क आपला आहे, आणि ही भावना न्याय्य आहे.

यांतील काहींजवळ सल्लागार आहेत, आराखडे आहेत, मुंबईस जाण्याची सोय आहे. ढिवर नावाड्याजवळ पाण्याचे ज्ञान आहे. बुडीत क्षेत्रात खोडे कोठे उभी आहेत, वारा कोणत्या दिशेने अचानक उठतो, दरवाजे उघडले की ओढ कोठे वाढते, हे त्याला ठाऊक असते. त्याचे ज्ञान मात्र नियमांच्या मसुद्यापर्यंत पोहोचत नाही. ते पोहोचविणे ही पंचायतीची जबाबदारी होय.

सर्वच हितसंबंध परस्परविरोधी नसतात, हेही विसरू नये. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते. त्याने मासळीचे नुकसान होते, जलपर्णी वाढते, ती मोटारबोटीच्या पंख्यात अडकते आणि दुर्गंधीने प्रवासी पाठ फिरवतो. या प्रश्नावर मच्छीमार संस्था आणि पर्यटन व्यावसायिक यांनी एकाच निवेदनावर सह्या कराव्यात, असे मला सुचवावेसे वाटते.

पंचायतींनी काय करावे?

काही गोष्टी मोठ्या निधीवाचून करता येण्याजोग्या आहेत. पहिली, गावातील प्रत्येक नावेची आणि डोंग्याची नोंदवही ठेवावी : मालक, लांबी, वय आणि किती माणसांसाठी. दुसरी, प्रत्येक नावेवर पांढऱ्या रंगाची भाररेषा आणि माणसांची संख्या मराठीत रंगवावी; शाळेतील मुलालाही ती वाचता आली पाहिजे. तिसरी, जीवरक्षक जाकिटे सहकारी संस्थेमार्फत एकत्रित घ्यावीत आणि घाटावर ठेवावीत. चौथी, सूर्यास्तानंतर, सोसाट्याच्या वाऱ्यात आणि दरवाजे उघडण्याची सूचना असताना नाव सुटणार नाही, असा ग्रामसभेचा ठराव करावा. पाचवी, जलविहाराचा ठेका देताना स्थानिक नावाड्यांना प्रशिक्षण आणि प्रथम संधी मिळावी, तसेच नियमांचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी काठावरच्या गावांत वाचून दाखवावा, अशी लेखी मागणी पंचायतींनी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. ग्रामसभेचा ठराव हाच गरिबांचा दबावगट आहे. तो उघड असतो, त्याची नोंद राहते आणि त्यावर उत्तर मागता येते.

शिक्षक मित्रांना एकच विनंती. सहलीच्या वेळी मुलांना नावेत बसविण्यापूर्वी भाररेषा पाहा, जाकिटे मोजा आणि कमी असल्यास सहलीचा तो भाग रद्द करा. मुले हिरमुसतील, ठेकेदार कुरकुरेल. तरीही रद्द करा. कायद्याचा अखेरचा तपासनीस त्या क्षणी तुम्हीच असता.

जलविहारापासून जिल्ह्याला रोजगार मिळावा, अशी आपल्या सर्वांची इच्छा आहे. तो रोजगार टिकावा असे वाटत असेल, तर नाव सुरक्षित हवी आणि ती चालविणाऱ्यात काठावरचा माणूस हवा. या दोन्ही गोष्टी नियमांत लिहून घेण्याची वेळ नौका पाण्यात उतरण्यापूर्वीची असते. ती वेळ आज आपल्या हाती आहे.