राज्याची इच्छा आणि मध्यवर्ती सरकारची मान्यता
(एका बौद्ध कुटुंब-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे अमेरिकेतील गोरगरिबांच्या औषधोपचाराच्या योजनेविषयी बोलणार आहे. विषय दूरचा आहे. परंतु राज्याने एखादे हिताचे काम करावयाचे म्हटले आणि त्यास मध्यवर्ती सरकारची मान्यता लागली म्हणजे काय होते, हे बौद्धांना कोणी शिकवावयास नको. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना दिल्या. पण घटनेच्या ३४१ व्या कलमाखालील यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते, आणि त्या आदेशात 'बौद्ध' हा शब्द यावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे एक पिढी राज्याच्या दारात आत आणि दिल्लीच्या दारात बाहेर अशी उभी होती.

अमेरिकेत ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि 'मेडिकेड' ही योजना जन्मास आली. ती घटक राज्याने चालवावयाची. खर्चाचा निदान अर्धा वाटा संघ सरकारने उचलावयाचा, आणि राज्य जितके गरीब तितका तो वाटा मोठा. योजनेत येण्याची राज्यांवर सक्ती नव्हती. अ‍ॅरिझोना हे राज्य सर्वांत शेवटी, १९८२ साली आले. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेस वर्णभेद करण्याची बंदी केली होती. त्यामुळे १९६६ साली वृद्धांसाठी असलेली 'मेडिकेअर' योजना सुरू होताना शेकडो रुग्णालयांना कृष्णवर्णीयांचे वेगळे वॉर्ड मोडावे लागले. जे उपदेशाने झाले नाही ते पैसा अडविल्याने काही महिन्यांत झाले.

परंतु ह्या कायद्यात एक मोठे वैगुण्य होते. गरीब मुले व त्यांच्या माता, वृद्ध, अंध, अपंग अशा ठरावीक वर्गांनाच तो लाभ मिळे. हातीपायी धड, मूलबाळ नसलेला मनुष्य कितीही कंगाल असला तरी त्यास दार बंद! अशा माणसास योजनेत घ्यावयाचे तर राज्याने संघ सरकारच्या आरोग्यमंत्र्याकडे अर्ज करावयाचा. सामाजिक सुरक्षा कायद्याच्या १११५ व्या कलमाने मंत्र्यास 'प्रयोग' म्हणून नियमांतून सूट देण्याचा अधिकार आहे. मात्र त्या प्रयोगाने योजनेचा मूळ हेतू पुढे गेला पाहिजे, आणि संघ सरकारचा खर्च एरवीपेक्षा वाढता कामा नये, असा दंडक पडून गेला आहे.

ओरेगॉन राज्याची हकीकत ह्या दृष्टीने मननीय आहे. तेथील राज्य सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झहाबर हे पेशाने डॉक्टर. त्यांचे म्हणणे असे की, थोड्यांना सर्व उपचार देण्यापेक्षा सर्व गरिबांना महत्त्वाचे उपचार द्यावेत. १९८९ साली तसा कायदा झाला. आयोग नेमून रोग व उपचार यांच्या जोड्यांची क्रमवार यादी करावयाची, आणि पैसा संपेल तेथे रेघ मारावयाची! पहिल्या यादीत हिशेबाच्या पद्धतीमुळे दातावर टोपण बसविणे हे आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेच्या वर गेले. अर्थातच ती यादी टाकून द्यावी लागली. पुढील यादीत ७०९ जोड्या होत्या, आणि रेघ ५८७ वर मारली होती. लोकमत घेण्यासाठी १९९० मध्ये ४७ सभा भरविल्या गेल्या. त्यांस आले कोण? बहुतांश आरोग्यखात्यातील व शिकलेली माणसे. ज्यांच्या अंगावर ही रेघ पडावयाची होती ते मेडिकेडचे लाभार्थी तुरळकच. माझ्या मते ह्या प्रयोगाचा खरा दोष यादीत नसून ह्या सभांत होता.

१९९१ साली अर्ज गेला. ऑगस्ट १९९२ मध्ये मंत्री लुई सुलिव्हन यांनी तो फेटाळला. अपंगत्व घेऊन जगणे कमी मोलाचे, असे धडधाकट लोकांना विचारून ठरविले आहे, आणि म्हणून तो अपंगांच्या हक्कांच्या कायद्याशी विसंगत आहे, हे त्यांनी कारण दिले. आक्षेप खोटा नव्हता. राज्याने यादी सुधारून पुन्हा मागणी केली, मार्च १९९३ मध्ये मान्यता मिळाली, आणि फेब्रुवारी १९९४ पासून लाखाहून अधिक नव्या लोकांस औषधोपचार मिळू लागला.

पण मान्यता मिळाली म्हणजे हक्क मिळाला असे नव्हे. २००३ पासून राज्याची तिजोरी आटली, हप्ते लावले गेले, लोक गळाले आणि नवीन भरती बंद झाली. २००८ साली थोड्या जागा मोकळ्या झाल्या, तेव्हा सुमारे ९०,००० जणांनी नावे दिली, आणि सोडत काढून सुमारे ३०,००० निवडले गेले. औषधासाठी लॉटरी! विद्वानांनी ह्या सोडतीचा अभ्यास केला. ज्यांना योजना मिळाली ते डॉक्टरांकडे अधिक गेले, त्यांचे मनाचे नैराश्य घटले, दवाखान्याच्या बिलांनी घर बुडण्याचे प्रमाण जवळजवळ नाहीसे झाले. रक्तदाबात मात्र दोन वर्षांत मोजण्याजोगा फरक दिसला नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाच्या विधेयकास पाठिंबा दिला, तो आजारपणाचा व प्रसूतीचा भार एकट्या गरिबाच्या घरावर पडू नये म्हणूनच. ओरेगॉनमध्ये तेच आकड्यांनी दिसले.

२०१० च्या कायद्याने सर्वच गरीब प्रौढांना योजनेत घेण्याचे ठरविले. परंतु २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडले. त्याच साली नियम झाला की, १११५ खाली अर्ज करणाऱ्या राज्याने आपला मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा व निदान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्यात.

हे कलम विस्तारासाठी वापरता येते तसे संकोचासाठीही येते, हे आर्कान्सासने दाखविले. तेथे २०१८ साली संघ सरकारच्या मान्यतेने अशी अट घातली गेली की, महिन्यास ८० तास काम करावे आणि त्याची नोंद संगणकावरून द्यावी. काही महिन्यांतच १८,००० हून अधिक लोकांची नावे कमी झाली. अट ज्यांना लागू होती त्यांतील बहुतेक लोक काम करीत होते किंवा सुटीस पात्र होते, असे पुढे अभ्यासांत दिसून आले. नोंद तेवढी झाली नव्हती. ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्यांनी दावा लावला. लोक योजनेबाहेर फेकले जातील, असा इशारा लेखी हरकतींत आधीच दिलेला होता. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी नेमके तेच धरले: मंत्र्याने ह्या प्रश्नाचा विचारच केला नाही, म्हणून मान्यता रद्द.

पुढे २०२५ साली अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा केला, आणि विस्तारातून आत आलेल्या प्रौढांना १ जानेवारी २०२७ पर्यंत हीच ८० तासांची अट लावण्याचे ठरविले. आता अट कायद्यातच आल्यामुळे तिच्यासाठी राज्याला परवानगी मागण्याचे, आणि म्हणून लोकांपुढे जाऊन हरकती ऐकण्याचे, कारण उरलेले नाही.