साखर उतरते तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या विषयावर डॉक्टरांनी बोलावे त्यावर बी.ए., बी.एड. झालेल्या एका शिक्षकाने बोलायला उभे राहावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल. मी कोणाला औषध सांगणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. परंतु हा विषय मी पुस्तकातून शिकण्यापूर्वी माझ्या घराच्या अंगणात शिकलो, आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

सन २०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. जळगावचा मे महिना कसा असतो हे येथे कोणाला सांगायला नको. माझ्या वडिलांना दहा-बारा वर्षांपासून मधुमेह, म्हणजे आपण घरात ज्याला ‘शुगर’ म्हणतो तो विकार होता. तरी ते सर्व रोजे ठेवीत. एरवी सकाळी घ्यायची गोळी ते सहेरीला घेत. डॉक्टरांना विचारावे असे त्यांना वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हा शिकल्या-सवरलेल्या मुलांनाही वाटले नाही.

त्या दिवशी अस्रची नमाज आटोपून अब्बा अंगणात खाटेवर बसले होते. मगरिबला वीस-पंचवीस मिनिटे उरली असतील. एकाएकी ते अम्मीवर ओरडू लागले. त्यांचा स्वभाव तसा नव्हता. मग मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारू लागले. सदरा घामाने चिंब झाला होता आणि हात थरथरत होते. आम्ही काय केले? ऊन लागले असे समजून कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर ओले फडके ठेवले आणि वारा घालीत बसलो. पाच-सात मिनिटे अशी फुकट गेली. गल्लीतले एक वृद्ध कंपाउंडर गोंगाट ऐकून आले. त्यांनी पाहताच सांगितले, “हे ऊन नाही, शुगर उतरली आहे. साखर आणा.” तेव्हाही आम्ही घुटमळलो. कोणीतरी म्हणाले, “इफ्तारला पंधराच मिनिटे आहेत, तेवढे थांबू या.” कंपाउंडर रागावून म्हणाले, “ही पंधरा मिनिटे तुमच्या हातात आहेत असे कोणी सांगितले तुम्हांला?” त्यांनी आपल्या यंत्रावर रक्त तपासले, आकडा ४६ होता. अब्बांना गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी घोट-घोट पाजले. पंधरा मिनिटांनी आकडा ८८ झाला. अजान झाली तेव्हा अब्बा पूर्ण भानावर होते आणि रडत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पंधरा मिनिटे कोणाला थांबता आले नाही का?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे ते उत्तर आहे, असे समजा.

मधुमेह म्हणजे साखर वाढण्याचा रोग एवढेच आपल्याला ठाऊक असते. परंतु त्यावरचे औषध साखर खाली आणते, आणि ती गरजेपेक्षा खाली गेली तर दुसरे संकट उभे राहते. आपला मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. पण शरीराच्या एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो आणि त्याचे मुख्य इंधन साखर. घरातील तेल संपत आले म्हणजे दिवा जसा आधी फडफडतो, तसा मेंदू आधी इशारा देतो आणि मग मंदावतो.

हे संकट इन्शुलिनच्या जन्माइतकेच जुने आहे. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी इन्शुलिन शोधून काढले. ते शुद्ध करण्याचे काम कॉलिप ह्या शास्त्रज्ञाकडे होते. त्यांनी सशांना ते टोचले तेव्हा काही सशांना झटके आले. ग्लुकोज देताच ते सावरले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन ह्या १४ वर्षांच्या मुलाला हे औषध प्रथम दिले गेले आणि मरणाच्या दारातला मुलगा वाचला. म्हणजे जीव वाचवणारे औषध आणि त्याचा धोका ही दोन्ही एकाच वेळी माणसाच्या हाती आली. धोका आहे म्हणून औषध टाकायचे नसते. धोका ओळखायला शिकायचे असते.

आता ओळखायचे कसे ते पाहू. मधुमेही माणसाच्या रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजावी, आणि ५४ च्या खाली गेली की गंभीर समजावी. पहिल्या खुणा अशा: दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक, ओठांना मुंग्या. ह्यानंतरच्या खुणा मेंदूच्या: चिडचिड, असंबद्ध बोलणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणे, माणसे न ओळखणे, पेंग. सरतेशेवटी झटके आणि बेशुद्धी. रात्री झोपेत साखर उतरली तर वाईट स्वप्ने पडतात, अंथरूण घामाने भिजते आणि सकाळी डोके जड होते.

आपल्या खानदेशात ह्या खुणांचा घोटाळा होण्याची कारणे फार आहेत. उन्हाळ्यात घाम आणि चक्कर दिसली की आपण ऊन लागले म्हणतो आणि मिठाचे पाणी देतो. एस.टी. मध्ये कोणी बरळू लागला की लोक त्याला दारुड्या समजून दूर सरकतात. झटका आला की कांदा नाहीतर जोडा हुंगवतात. म्हणून एक नियम लक्षात ठेवा: माणूस मधुमेहाचे औषध घेणारा असेल आणि एकाएकी त्याचे वागणे बदलले, तर साखर उतरली असे समजूनच चालावे. यंत्र जवळ असेल तर तपासावे, नसेल तर वाट पाहू नये. एकदा थोडी साखर जास्त गेल्याने फारसे बिघडत नाही. ती वेळेवर न दिल्याने मात्र सर्व काही बिघडू शकते.

उपाय पंधराच्या पाढ्याइतका सोपा आहे. पंधरा ग्रॅम साखर द्या, म्हणजे चहाचे तीन ते चार चमचे साखर किंवा तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा पेला फळांचा गोड रस. मग पंधरा मिनिटे थांबा आणि पुन्हा तपासा. आकडा ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच द्या. पेढा, बर्फी, चॉकलेट देऊ नका. त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आपले जळगावचे केळे आणि खजूर उत्तम खरे, पण पहिला उपाय म्हणून विरघळलेली साखरच. बरे वाटल्यावर मात्र केळे, बिस्किटे किंवा भाकरी जरूर खावी, नाहीतर साखर पुन्हा उतरते. जे रोगी व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज नावाची गोळी घेतात त्यांना घरातील साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ बाळगावी.

माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ह्यांची रुग्णालये आपल्याला जवळची आहेत.

साखर का उतरते? गोळी किंवा इंजेक्शन घेतले आणि जेवण राहिले, हे पहिले कारण. धुळ्यातील यंत्रमागावर पाळीत काम करणारा माणूस, रावेर-यावलकडे केळीच्या बागेत राबणारा मजूर, लग्नाच्या मांडवात तीन वाजेपर्यंत पंगतीची वाट पाहणारा पाहुणा, इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी जळगावहून धुळ्याच्या गाडीत बसलेला प्रवासी, हे सर्व ह्यात येतात. नेहमीपेक्षा जास्त श्रम आणि चुकून दोनदा घेतलेले औषध ही इतर कारणे. कडक उन्हात टोचलेले इन्शुलिन अंगात लवकर भिनते, हेही ध्यानात ठेवावे. सर्वच गोळ्या सारख्या नसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर क्वचितच उतरते. पण ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड ह्यांसारख्या गोळ्यांनी उतरू शकते. म्हातारपणी किंवा मूत्रपिंड कमजोर असताना अशा गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो. म्हणून एकदा सावरलेला माणूस रात्री पुन्हा खाली जाऊ शकतो. अब्बांच्या उशाशी आम्ही ती सारी रात्र जागून काढली ती ह्याच कारणाने.

आता रमजानविषयी. हा प्रश्न नाजूक आहे, पण तो टाळून ह्या विषयावर बोलणे म्हणजे मुख्य धडा सोडून प्रस्तावना शिकवण्यासारखे होईल. सन २००१ मध्ये १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. तीत असे दिसले की रमजानमध्ये साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण इन्शुलिनवरच जगणाऱ्या पहिल्या प्रकारच्या रोग्यांत सुमारे पावणेपाच पट आणि दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांत साडेसात पट वाढते. म्हणून तज्ज्ञांचा सल्ला असा आहे की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. कोणती गोळी सहेरीला, कोणती इफ्तारला आणि किती, हे त्यांनी ठरवावे, आपण नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असलेले, इन्शुलिन घेणाऱ्या गरोदर भगिनी, आणि गेल्या तीन महिन्यांत ज्यांची साखर गंभीरपणे उतरली असे रोगी, ह्यांना रोजा न ठेवण्याचाच सल्ला दिला जातो. पहिल्या प्रकारच्या बहुतेक रोग्यांनाही तेच सांगितले जाते. जे ठेवतात त्यांनी दिवसातून अनेकदा रक्त तपासावे. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला तर रोजा त्याच क्षणी सोडावा. मग इफ्तारला एक तास असो की पाच मिनिटे.

बंधूंनो, सूरह बकरहमध्ये जेथे रोजे फर्ज केले आहेत, तेथेच आजारी आणि प्रवासी माणसाला सवलतही दिली आहे. बरे झाल्यावर कजा, आणि ते शक्यच नसेल तर फिद्या म्हणून गरिबाला जेवण. हुकूम ज्याने दिला सवलतही त्यानेच दिली. मग सवलत नाकारण्यात कोणती धार्मिकता आहे?

शिक्षक म्हणून दोन शब्द सांगतो. हा रोग लहान मुलांनाही होतो आणि अशा मुलांना रोज इन्शुलिन टोचावे लागते. खेळाच्या तासानंतर वर्गात पेंगणारे, एकाएकी चिडणारे, लिहिता लिहिता अक्षर वेडेवाकडे करणारे मूल आळशी नसून त्याची साखर उतरलेली असू शकते. पालकांनी हा आजार शाळेपासून लपवू नये. मुलीच्या लग्नाच्या वेळी बोभाटा होईल ह्या भीतीने तो लपवला जातो, हे मला ठाऊक आहे. पण ज्या शिक्षकाला माहीतच नाही तो मदत काय करणार? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत खाण्याचे पदार्थ जवळ ठेवण्याची परवानगी दिली आहे. आपल्या शाळांनीही प्रत्येक वर्गाच्या कपाटात ग्लुकोजचा एक डबा ठेवावा. खर्च फार नाही.

आता अब्बांविषयी. त्या प्रसंगानंतर त्यांनी भीतीने सर्व गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात साखर इतकी वाढली की पायाची जखम भरेना. तेही चूकच होते. मग डॉक्टरांनी औषध बदलले, आणि आमच्या मोहल्ल्यातील मौलानांनी घरी येऊन त्यांची समजूत घातली. आता ते रोजे ठेवीत नाहीत, फिद्या देतात. इफ्तारला दस्तरखानावर मात्र सर्वांच्या आधी येऊन बसतात आणि आपल्या हाताने सर्वांना खजूर वाटतात. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी आणि ‘मी मधुमेही आहे’ असे लिहिलेली चिठ्ठी असते. ती चिठ्ठी माझ्या दहा वर्षांच्या मुलीने सुवाच्य अक्षरात मराठीत आणि उर्दूत लिहून दिली आहे.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना पुढे दिले. म्हणालो, “अब्बा, रोजा तुम्ही तोडला नाही, आम्ही तोडला, आणि अल्लाहसमोर त्याचे उत्तर आम्ही देऊ. पण त्या पंधरा मिनिटांत तुम्हांला काही झाले असते, तर त्याचे उत्तर आम्ही कोणाला दिले असते?” ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खिसा चाचपून पुडी आहे की नाही ते पाहिले. मला तेवढे पुरे होते.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. घरात कोणाला शुगर आहे आणि ते कोणती गोळी घेतात, ते विचारा. ह्या भाषणातील खुणा त्यांना वाचून दाखवा. आणि साखरेचा डबा कोठे असतो ते घरातील सर्वांत लहान मुलालाही दाखवून ठेवा.