आधी संकटाची हाक

श्रोतेहो, मिरकरवाड्याच्या तांडेलांना व्हीएचएफ बिनतारी संच नवा नाही. त्यातला १६ नंबरचा चॅनेल साऱ्या जगाने संकटाच्या हाकेसाठी आणि पहिल्या पुकाऱ्यासाठी राखला आहे. पुढचे बोलणे दुसऱ्या चॅनेलवर न्यायचे. तिथेच मासळीच्या भावाच्या गप्पा मारल्या, तर एवढं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल.

बिघडतं ते असं. या संचात दोन आवाज एकदम आले, की जोरकस तेवढा ऐकू येतो; दुबळा पार झाकला जातो. शेजारच्या नौकेवरची थट्टा जोरकस, आणि दूर बुडणाऱ्याची हाक दुबळी! ती आली होती, हेसुद्धा कुणाला कळत नाही.

जुन्या काळी यावर नामी तोड होती. जहाजावरच्या बिनतारी खोलीतल्या घड्याळात १५ आणि ४५ मिनिटांपुढे तीन-तीन मिनिटांचे तांबडे पट्टे असत. काटा तिथे आला, की ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प राहून कान द्यायचा. १९९९ पासून मोठ्या जहाजांवर हे काम यंत्राकडे आलं. इस्रोच्या संकटसूचक यंत्राचा निरोप तर उपग्रहामार्फत जातो. २०२४ च्या नव्या यंत्रात तो पोचल्याची खूणही उलट मिळते.

पण १६ नंबरवर अजून माणसाचीच जीभ आवरावी लागते. ‘मेडे’ तीनदा ऐकू आलं, की आपलं बोलणं तिथेच तोडा. नौकेचं नाव, ठिकाण, माणसं किती, हे टिपून घ्या. गुरुजनहो, बंदरावरच्या मुलांकडून हे घोकून घ्या. आणि तटरक्षक दलाचा फोन नंबरही, १५५४.