अठराशें पासष्ट सालची अमेरिका आणि आपली कपाशी

(वर्धा जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आज मला अमेरिका खंडाविषयीं बोलावयाचें आहे, आणि तेंही एकाच सालाविषयीं. तें साल १८६५. ऐन वेचणीच्या दिवसांत हा गृहस्थ आम्हांला दीडशें वर्षांपलीकडच्या परमुलखांतल्या गोष्टी कां सांगत बसला, असें कोणाच्या मनांत आलें तर तें रास्तच आहे. त्याचें उत्तर तुमच्या ओट्यांतल्या कापसांत आहे. त्या सालीं तिकडे जें घडलें, त्यानें आपल्या कापसाचा भाव ठरला, आपल्या विणकरांचें भवितव्य ठरलें. आणि जमीन कसणाऱ्याची कीं कागदवाल्याची, हा जो आपला जुना तंटा, तोही तिकडे त्याच सालीं उभा राहिला.

आधीं थोडी पूर्वपीठिका सांगतों. आपला जिल्हा नागपुरापासून निराळा झाला तो १८६२ सालीं. वर्धा शहर तेव्हां नव्हतें. तें १८६६ त पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं आंखून वसविलें. आगगाडी नागपुरास पोहोंचली ती १८६७ त. म्हणजे आपण ज्या सालाविषयीं बोलत आहों त्या सालीं हिंगणघाटचा कापूस बंड्यांवर लादूनच दूर न्यावा लागे. तरी त्या कापसाचें नांव विलायतेंत लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना चांगलें ठाऊक झालें होतें.

विलायतेच्या गिरण्यांना मात्र मुख्य पुरवठा अमेरिकेचा. त्यांच्या कापसापैकीं सुमारें चार-पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई, आणि तो पिकविणारे हात गुलामांचे होते. १८६० च्या शिरगणतींत हे गुलाम चाळीस लाखांच्या घरांत भरले. आई एका मालकाकडे आणि पोर दुसऱ्याकडे विकलें जाई. त्यांना अक्षर शिकविणें अनेक राज्यांत कायद्यानें गुन्हा होता. विद्या मिळाली तर हा माणूस आपल्या हातीं राहणार नाहीं, हें मालकांना पक्कें कळत होतें. ही युक्ति आपल्याकडील मंडळींना कांहीं नवी वाटणार नाहीं.

१८६१ च्या एप्रिलांत उत्तर आणि दक्षिण यांचें युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं. कापूस बाहेर पडेना. लिव्हरपुलास रत्तलास सहा-सात पेन्सांनीं मिळणारा अमेरिकन कापूस १८६४ त तीस पेन्सांच्या वर गेला. गिरणीवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे धांव घेतली. ज्वारीचीं शेतें मोडून लोकांनीं कपाशी पेरली. पैसा आला. परंतु तो सर्वांच्या घरीं आला असें समजूं नका. कापूस महागला तेव्हां कोष्ट्याच्या आणि महार विणकराच्या मागावर सूत चढणें कठीण झालें. एकाच वेशींतल्या दोन घरांपैकीं एकाची दिवाळी ती दुसऱ्याची उपासमार झाली. हें विसरून ‘ते सोन्याचे दिवस’ म्हणण्याची चाल पडली आहे, ती मला पसंत नाहीं.

आतां १८६५ साल घेऊं.

जानेवारीच्या १२ तारखेस सव्हाना नांवाच्या शहरांत उत्तरेचा सेनापति शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनीं वीस काळ्या धर्मोपदेशकांना व प्रमुखांना बोलावून घेतलें. त्यांच्या वतीनें बोलणारा गॅरिसन फ्रेझर हा सदुसष्ट वर्षांचा म्हातारा. त्याचें बहुतेक आयुष्य गुलामींत गेलेलें. आठ वर्षांपूर्वीं त्यानें एक हजार डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला मालकाकडून विकत घेतलें होतें! आपणच आपल्याला विकत घ्यावें लागणें, याहून जास्त विटंबना ती कोणती?

मंत्र्यानें त्याला विचारलें, गुलामगिरी म्हणजे काय असें तूं समजतोस? म्हाताऱ्यानें सांगितलें कीं, दुसऱ्याचें काम त्याच्या खुषीनें न घेता जबरीनें घेणें, ही गुलामगिरी. मग विचारलें, तुम्हांला आपल्या पायांवर उभें राहण्यास काय पाहिजे? त्यानें ना पैसा मागितला, ना धान्य. जमीन द्या, म्हणाला. ती आम्ही आमच्या कष्टानें कसूं, आणि पुढें विकतही घेऊं.

राजधानींतल्या मोठमोठ्या विद्वानांना चार वर्षांच्या युद्धांत जें इतकें स्वच्छ बोलतां आलें नव्हतें, तें या म्हाताऱ्यानें दोन वाक्यांत सांगितलें.

चार दिवसांनीं, १६ जानेवारीस, शर्मननें हुकूम काढला. दक्षिणेच्या समुद्रकांठची पट्टी आणि बेटें मोकळ्या झालेल्या लोकांना द्यावीं, दर कुटुंबास चाळीस एकरांपर्यंत. या सेनापतीस काळ्या लोकांचा मोठा कळवळा होता असें नाहीं. त्याच्या फौजेमागें हजारों लोक पोरेंबाळें घेऊन चालत होते, त्यांची सोय लावणें त्याला भाग होतें. कारण कांहीं असो, जमीन मिळाली. जूनपर्यंत सुमारें चाळीस हजार लोक चार लाख एकरांवर बसले. ज्या मातींत बापजाद्यांनीं फटके खाल्ले, तीच माती ते आपली म्हणून नांगरूं लागले.

इकडे ३१ जानेवारीस तिकडच्या लोकसभेनें गुलामगिरी बंद करणारी घटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर केली. ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापति ली यानें शस्त्र खालीं ठेवलें. पांच दिवसांनीं, १४ तारखेच्या रात्रीं, नाटक पाहत बसलेल्या अध्यक्ष लिंकनला एका नटानें मागून गोळी घातली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो वारला. लांकडी झोपडींत जन्मलेला आणि कुऱ्हाड चालवून वाढलेला हा पुरुष; त्याच्या मरणाची हळहळ साऱ्या जगानें केली. टेक्सास प्रांतांतल्या अडीच लाख गुलामांना तर आपण मोकळे झालों ही गोष्ट १९ जूनला लष्करी अंमलदारानें जाहीर केली तेव्हां अधिकृतपणें कळली. गरिबाच्या हक्काचा कागद नेहमींच पायीं येतो.

युद्ध संपल्याची बातमी मुंबईस आली आणि कापूस गडगडला. मुंबईंत त्या चार वर्षांत कंपन्यांचें पीक आलें होतें. बॅक-बेची जमीन भरून काढणाऱ्या कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला होता. १ जुलै १८६५ हा सौद्यांची फेड करण्याचा दिवस. त्या दिवशीं पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. पुस्तकांतून या शेठसावकारांच्या दिवाळ्याचें वर्णन पुष्कळ आहे. चढ्या भावाच्या भरंवशावर बैल घेतलेल्या, विहीर खणलेल्या, लग्न काढलेल्या शेतकऱ्याचें काय झालें, याला त्या पुस्तकांत फार जागा नाहीं. भाव उतरला तरी खत उतरत नाहीं, व्याज उतरत नाहीं. दक्षिणेंत पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत हा फांस आवळत गेला, आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें-वह्या जाळल्या. त्या दंग्याचीं कारणें आणखीही होतीं, सरकारी साराही वाढला होता. पण त्याचें एक मूळ कापसाच्या या चढउतारांत आहे.

पुन्हा अमेरिकेकडे वळूं, कारण खरा घात पुढेंच आहे. लिंकनच्या जागीं अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला. हा जन्मानें गरीब, धंद्यानें शिंपी. गरिबींतून वर आलेला माणूस गरिबाचा कैवार घेईल अशी आपली समजूत असते. यानें २९ मेपासून जुन्या जमीनदारांना माफी देण्याचा सपाटा लाविला आणि माफीबरोबर त्यांच्या जमिनीही परत केल्या.

ऑक्टोबरांत एडिस्टो नांवाच्या बेटावर हें सांगण्यास जनरल हॉवर्ड गेला. लढाईंत उजवा हात गमावलेला, मनानें चांगला माणूस. देवळांत दाटी झाली. जमीन सोडा, पूर्वीच्या मालकाशीं करार करा आणि मजुरी करा, हें त्यानें सांगितलें. तेव्हां, आमची जमीन कां काढून घेतां, असा सवाल वरच्या सज्जांतून आला. त्याला उत्तर देणें त्याला जमेना. मागाहून तेथील लोकांनीं तिघांच्या सहीनें अर्ज लिहिला. आम्ही सरकारच्या बाजूनें उभे राहिलों, मालक सरकारशीं लढले. आतां आमची जमीन त्यांना आणि आम्ही त्यांच्या दारांत, असें त्या अर्जाचें तात्पर्य. अर्ज अध्यक्षांकडे गेला. जमीन कांहीं मिळाली नाहीं.

६ डिसेंबरला तेरावी दुरुस्ती पक्की झाली. कायद्यानें गुलामगिरी गेली. आणि त्याच हिवाळ्यांत दक्षिणी राज्यांनीं नवे कायदे केले. मिसिसिपी राज्यांत काळ्या माणसाला शहराबाहेर जमीन खंडानें घेण्याची बंदी झाली. दर जानेवारींत आपण कोणाकडे कामाला आहों याचा लेखी पुरावा दाखवावा लागे. तो नसेल तर भटक्या ठरवून दंड, आणि दंड न भरल्यास मजुरीला लावणें. आपल्याकडील सालगड्याची रीत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट जास्त फोडून सांगावयास नको. पुढें हे लोक अर्धेलीनें शेत करूं लागले. बियाणें, मीठ, कापड सारें दुकानदाराकडून उधारीवर आणि पीक आधींच गहाण. १८८० च्या आंत अमेरिकेचा कापूस पूर्वीच्याहून जास्त पिकूं लागला, तो याच हातांनीं.

त्याच सालीं जमेका बेटावर काय झालें तेंही ऐका. तेथें इंग्रजांचें राज्य, गुलामगिरी १८३८ सालींच संपलेली. दुष्काळांत गरीब शेतकऱ्यांनीं राणीकडे अर्ज केला कीं पडीत सरकारी जमीन आम्हांला कसूं द्या. उत्तर आलें कीं, मळेवाल्यांकडे नेटानें मजुरी करा. राणीचा हा उपदेश छापून गांवोगांवीं लावला! ही तीच राणी, जिच्या नांवानें १८५८ पासून आपल्याकडे कारभार चालत होता. ११ ऑक्टोबरला मोरँट बे येथें पॉल बोगल याच्या पुढारीपणाखालीं लोक कचेरीवर चालून गेले, गोळीबार झाला, कचेरी जळाली. मग लष्करी कायदा पुकारला. चारशेंहून अधिक माणसें मारलीं, एक हजार घरें जाळलीं, बायकांनाही फटके मारले. बोगलला फांशी दिलें.

मेक्सिकोविषयीं थोडेंच सांगतों. तेथें फ्रेंचांनीं युरोपांतला एक राजपुत्र आणून गादीवर बसविला होता. देशाचा खरा अध्यक्ष बेनितो हुआरेझ, मूळच्या रहिवाशांपैकीं, लहानपणीं पोरका झालेला, गुरेंमेंढरें राखलेला. १८६५ त तो मागें हटत हटत उत्तरेच्या सीमेपर्यंत गेला, पण देश सोडला नाहीं. दोन वर्षांनीं जिंकला.

आतां आपल्या घरीं येऊं. तिकडे चाळीस एकरांचे तुकडे परत घेतले जात होते, त्याच सुमारास इकडे मध्यप्रांतांत जमाबंदीचें काम चाललें होतें. त्यांत मालगुजाराला, म्हणजे वसूल गोळा करणाऱ्याला, गांवाची मालकी मिळाली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा त्याचा कूळ ठरला. विणकरांचीही वाट ठरली. आगगाडीनें कापूस बाहेर जावा आणि विलायती कापड आंत यावें, म्हणजे मागावरचीं माणसें शेतमजुरीला मोकळीं होतील, अशी उघड आशा त्या काळच्या सरकारी कापूस-अधिकाऱ्यानें आपल्या अहवालांत लिहून ठेविली आहे.

१८७३ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक काढलें आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना तें अर्पण केलें. पुण्यांतला फुलमाळी समाजांतला माणूस सातासमुद्रांपलीकडच्या त्या लोकांशीं नातें जोडतो, तेंही छापील वर्तमानपत्रें आणि ग्रंथ एवढ्याच आधारावर, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनीं अर्पण केलें तें सज्जनांना, जॉन्सनला नव्हे.

आपल्याकडील मालगुजारी कायद्यानें गेली ती १९५१ सालीं, म्हणजे त्या सालानंतर शहाऐंशी वर्षांनीं. कापसाच्या भावाचा दोर मात्र अजून बाहेरच बांधलेला आहे. २०२५ च्या ऑगस्टांत सरकारनें परदेशी कापसावरील अकरा टक्के जकात उठविली, ती वर्षअखेरपर्यंत उठलेलीच राहिली, आणि ऐन वेचणीचे महिने तेच होते.

एडिस्टोच्या दक्षिणेस त्याच किनाऱ्यावर सेंट हेलेना नांवाचें बेट आहे. तेथील मोकळ्या झालेल्या कित्येक कुटुंबांनीं सरकारनें कराच्या थकबाकींत लिलावास काढलेल्या जमिनींतून दहा-दहा एकरांचे तुकडे मजुरीच्या पैशांनीं विकत घेतले. विकत घेतलेले म्हणून ते परत घेतां आले नाहींत. त्यांचे वंशज कांहीं ठिकाणीं आजही त्याच तुकड्यांवर राहतात.