भूदासाची साक्ष

विद्यापीठात मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवून साधते काय, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. रॉडनी हिल्टन (१९१६–२००२) यांच्या कार्यात त्याचे उत्तर आहे. १९४६ ते १९८२ या काळात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांनी हा विषय शिकविला. १९५६ साली त्यांनी कम्युनिस्ट पक्ष सोडला. मार्क्सवादी विश्लेषण मात्र सोडले नाही.

राजांच्या लढायांपेक्षा जमीनदारांची दप्तरे त्यांना अधिक मोलाची वाटली. ती लॅटिनमध्ये, चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहिलेली. कारकून जमीनदाराचा, नोंदही त्याच्याच हिताची. तरीही मुलीच्या लग्नासाठी धन्याला भरलेली रक्कम, बाप वारल्यावर धन्याने नेलेले उत्तम जनावर, वेठीस न आल्याबद्दलचा दंड, हे सारे तीत उतरले. वेठ चुकविणाऱ्याचा दंड म्हणजे पुष्कळदा कोणा भूदासाने दिलेला नकारच होय. ज्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही, त्याचा इतिहास असा धन्याच्या वहीतून वाचावा लागतो.

१३४८-४९ च्या प्लेगाने इंग्लंडची किमान एक तृतीयांश लोकसंख्या नष्ट झाली व मजूर दुर्मीळ झाले. तेव्हा १३५१ च्या कायद्याने मजुरी प्लेगपूर्व दरावर गोठविण्याचा यत्न झाला. पुढे डोईपट्टीचा बोजा पडला आणि १३८१ साली शेतकरी उठले. त्यांनी अनेक ठिकाणी दप्तरे जाळली. आपले दास्य कोठे नोंदले आहे, हे ते जाणून होते. राजाने मुक्तीच्या सनदा दिल्या आणि उठाव मोडताच रद्द केल्या. तथापि, पुढील शतकात भूदासपद्धती ओसरली. तिचे उच्चाटन करणारा कायदा मात्र तेथे कधीच झाला नाही. हे केवळ लोकसंख्या घटल्यामुळे घडले म्हणावे, तर पूर्व युरोपात पुढे तीच पद्धती अधिक घट्ट का झाली? हिल्टन यांनी भर दिला तो खंड व वेठ यांवरून गावोगाव चाललेल्या झगड्यावर.

हे ज्ञान एका वर्षात हाती येत नाही. लॅटिन, जुन्या लिपीची ओळख आणि दीर्घ चिकाटी गुरूकडून शिष्याकडे जावी लागते. नोकरीच्या बाजारभावाने विषय तोलून असे वर्ग बंद केले, तर ही परंपरा तुटेल. दप्तरे कपाटात राहतील. त्यांतील कष्टकऱ्यांची साक्ष वाचणारा मात्र उरणार नाही. म्हणूनच या विषयाचे रक्षण हे श्रमिकांच्या चळवळीचेही काम होय.