लांकडी मोटार आणि घरचे हात

मोटार म्हटली कीं पोलाद, कांच आणि रबर एवढ्याच वस्तु डोळ्यांपुढें उभ्या राहतात. तिच्या अंगांत सुताराचीहि कारागिरी असूं शकते, आणि ओल्या हवेंत तिच्या खिडकीच्या कडेला शेवाळ धरूं शकतें, असें सांगितल्यास ऐकणाराला ती थट्टा वाटेल. परंतु इंग्लंडांत आजहि अशा मोटारी रस्त्यांवरून धांवत आहेत, आणि त्यांना धांवत्या ठेवण्याच्या कामीं घराघरांतील हौशी हातांचा वांटा मोठा आहे. सुटीच्या दिवशीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें घर एका जुन्या गाडीभोंवतीं गोळा व्हावें आणि वर्षां-दोन वर्षांच्या मेहनतीनें तिला पुन्हा उभी करावें, हा तेथील एक मोठा आवडता छंद आहे. या छंदांत मौज आहे, तशी जबाबदारीहि आहे; आणि ती जबाबदारी कोठें आहे हें त्या गाडीच्या घडणीवरूनच कळून येतें.

स्टेशन वॅगन ही मूळची अमेरिकेची. आगगाडीच्या उतारूंना व त्यांच्या सामानाला स्टेशनावरून इच्छित स्थळीं नेण्यासाठीं साध्या मोटारीच्या सांगाड्यावर सुताराकडून लांकडी डबा चढविण्याची चाल विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें पडली, आणि त्यावरूनच हें नांव रूढ झालें. १९२९ सालीं फोर्ड कंपनीनें अशी गाडी स्वतःच मोठ्या प्रमाणावर विकण्यास आरंभ केला. तिच्या डब्याचें लांकूडकाम मिशिगन राज्यांतील आयर्न माउंटन येथील कंपनीच्याच कारखान्यांतून येई. पुढें १९४९ सालीं प्लिमथ कंपनीनें सबंध पोलादी स्टेशन वॅगन बाजारांत आणली, आणि थोड्याच वर्षांत अमेरिकन गाड्यांवर खऱ्या लांकडाच्या जागीं त्याची नक्कल तेवढी उरली.

इंग्लंडांत मात्र खरें लांकूड अधिक काळ टिकलें. ॲलेक इसिगोनिस यांनीं योजिलेली मॉरिस मायनर ही छोटी गाडी १९४८ सालीं लंडनच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम दिसली. दहा लाखांच्या वर खपलेली ही पहिली ब्रिटिश मोटार होय. भारतांत हिंदुस्थान मोटर्सनें तीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नांवानें काढली होती. या मायनरची स्टेशन वॅगन 'ट्रॅव्हलर' या नांवानें १९५३ सालीं निघाली, आणि १९७१ पर्यंत तयार होत राहिली. तिचा तळ व पुढचा भाग पोलादाचा; परंतु पुढच्या बैठकीमागील बाजू म्हणजे ॲश नांवाच्या वृक्षाच्या लांकडाची चौकट, आणि त्या चौकटींत बसविलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. इसिगोनिस यांचीच पुढें 'मिनी' गाडी निघाली. तिच्या ट्रॅव्हलरवरील लांकूड केवळ शोभेसाठीं वरून चिकटविलेलें होतें. मायनरचें तसें नव्हे. तिच्या लांकडाला भार पेलावा लागतो. घराला जशा तुळया व खांब, तशी या गाडीच्या मागल्या अंगाला ती चौकट.

ॲशचें लांकूड चिवट आणि लवचीक असतें. हातोड्यांचे व कुऱ्हाडींचे दांडे करण्यासाठीं तें नांवाजलेलें आहे. रस्त्याचे धक्के सोसण्यास तें उत्तम. परंतु पाणी त्याला सोसत नाहीं. एकदां ओल आंत मुरली कीं तें काळें पडतें, मग मऊ होतें, आणि शेवटीं बोटानें भुगा निघावा इतकें कुजतें. ट्रॅव्हलरच्या मागल्या खिडक्यांच्या कांचा सरकत्या आहेत. त्या ज्या खोबणींतून सरकतात, तेथें पाणी सांचतें. तेथून तें खालच्या आडव्या पट्टींत व मागल्या दाराजवळच्या कोपऱ्यांत उतरतें. म्हणून जाणता माणूस अशी गाडी विकत घेतांना इंजिनाचा आवाज मागाहून ऐकतो. आधीं तो लहानशी आरी घेऊन खालचे सांधे हलक्या हातानें टोंचून पाहतो. चांगलें लांकूड आरीला अडवितें; कुजलेलें तिला आंत घेतें.

या छंदांतील खरा मोह येथेंच आहे. कुजलेल्या जागीं लुकण भरून वरून व्हार्निशचे दोन हात दिले, कीं गाडी छायाचित्रांत नव्यासारखी दिसते. परंतु व्हार्निशखालीं कोंडलेली ओल आपलें काम थांबवीत नाहीं, आणि चौकटीचें बळ तर परत येतच नाहीं. पूर्वीं दरवर्षीं होणाऱ्या सरकारी तपासणींत अशी चौकट सांपडली म्हणजे गाडी नापास होई. मे २०१८ पासून ग्रेट ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांहून जुन्या, मूळच्या स्वरूपांत फारसा बदल न केलेल्या मोटारींना ही वार्षिक तपासणी सक्तीची राहिलेली नाहीं. गाडी सुस्थितींत ठेवण्याचें कर्तव्य मात्र मालकावर कायम आहे. म्हणजे परीक्षकाची जागा आतां घरच्या माणसांकडे आली. आणि त्याच गाडीच्या मागल्या बैठकीवर घरचींच मुलें बसावयाचीं असतात.

म्हणून काम क्रमानें करावें लागतें. जुनी चौकट सोडविण्यापूर्वीं प्रत्येक सांध्याचें माप व छायाचित्र घेऊन ठेवतात, आणि सुटा झालेला प्रत्येक तुकडा व स्क्रू चिठ्ठी लावून डब्यांत ठेवतात. मुलांच्या हातून हें काम फार चांगलें होतें. दोन्ही बाजू एकदम न सोडवितां एक बाजू पुरी झाल्यावर दुसरीस हात घालावा, नाहींतर छपराचा आधार सुटून सारा डबा तिरका होण्याची भीति असते. बदली चौकटी आजहि तयार मिळतात. तरी घरीं बसवितांना रंधा व पटाशी यांचें काम उरतेंच. नवे भाग प्रथम सरस न लावतां जुळवून पाहावे, मागलीं दारें लावून तीं विनासायास मिटतात कीं नाहीं हें बघावें, आणि मगच सांधे पक्के करावे. जें लांकूड चांगलें आहे तें टाकण्याचें कारण नाहीं. त्यावरचे पाण्याचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडनें निघतात. मात्र तें विषारी असल्यामुळें मोठ्या माणसांनींच हाताळावें. लांकूड पुरतें वाळल्यावर कांचकागदानें घांसून व्हार्निशचे पातळ हात एकावर एक द्यावे. व्हार्निश शेवटीं, ही या कामांतली पहिली शिस्त आहे.

लांकडाच्या कौतुकांत लोखंडाकडे दुर्लक्ष होऊं नये. मायनरचें पुढचें चाक आटे असलेल्या सांध्यावर वळतें. त्या सांध्याला नियमानें वंगण न मिळाल्यास आटे झिजतात, आणि एखादे दिवशीं सांधा निखळून चाक गाडीखालीं दुमडतें. वंगणाच्या पिचकारीचे चार दाब आणि वहींत लिहिलेली तारीख एवढ्यानें हा अनर्थ टळतो. ही वही घरांतील एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या स्वाधीन करण्यासारखी आहे. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो. म्हणून ती धूळ फुंकून उडवूं नये. तसेंच, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. तिला पक्के टेकू द्यावे.

एवढे कष्ट पाहून कित्येकांचा उत्साह अर्ध्यावर मावळतो, आणि सुटी केलेली गाडी तशीच मोटारखान्यांत पडून राहते. जीं घरें काम तडीस नेतात, तीं बहुधा थोडें थोडें परंतु नेमानें करीत असतात. या कामांत सर्वांना जागा आहे. ज्याचे गुडघे थकले त्याचे हात सांध्याची पारख करतात. ज्याला अजून पान्हा पेलत नाहीं त्याचे डोळे बारीक भेग आधीं टिपतात. आणि लहानाच्या तोंडून 'येथें लांकूड मऊ लागतें' असें निघालें, तर मोठ्यांनीं केलेलें काम पुन्हा उकलावें लागतें. तें उकलण्याची तयारी ज्या घरांत असते, त्या घरची गाडी कदाचित् एक उन्हाळा उशिरा रस्त्यावर येईल. परंतु तिच्यांत मुलांना बसवितांना कोणाच्याहि मनांत शंका राहणार नाहीं.